आयएसओचा हॅश तीनदा उतरवूनही जुळत नाहीये, चौथ्यांदा डाउनलोड करू का?

उंबरठा

नमस्कार मंडळी, चार दिवस याच्यातच गेलेत म्हणून शेवटी धागा काढतेय. लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकायचंय. ८ जीबी रॅम, सध्या विंडोज १० आहे. आयएसओ (लिनक्स इन्स्टॉल करायची अख्खी फाइल) साधारण साडेपाच जीबीची आणि माझं नेट मंद, त्यामुळे एक डाउनलोड म्हणजे अख्खी रात्र. पहिल्यांदा उतरवली, पेनड्राइव्हवर लिहिली, इन्स्टॉल अर्ध्यावर गेलं आणि काळ्या स्क्रीनवर स्क्वॉशएफएस एरर, डेटा प्रोबॅबली करप्ट अशा ओळी एकामागून एक यायला लागल्या. म्हटलं पेनड्राइव्ह गेला असेल, दुसरा घेतला, परत तेच, फक्त या वेळी वेगळ्याच टप्प्यावर अडकलं. मग परत रात्रभर डाउनलोड, परत तेच. तिसऱ्यांदा पण करून झालं. तिन्ही फाइलींचा आकार साइटवर दिलाय त्याच्याशी शेवटच्या बाइटपर्यंत जुळतो म्हणून फाइलवर शंकाच आली नाही.

काल ओळखीतल्या एकाने विचारलं की चेकसम बघितला का, म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला ठसा, त्यालाच हॅश म्हणतात. नव्हता बघितला. साइटवर शा-२५६ या पद्धतीने काढलेल्या हॅशची एक लांबलचक ओळ दिलीये, माझ्या तिन्ही फाइलींपैकी एकीचीही त्याच्याशी जुळत नाही. आकार बरोबर असताना फाइल खराब कशी असेल? साइटवरचीच ओळ जुनी राहिली असेल का? की चौथ्यांदा उतरवू?

खटाटोप

चौथ्यांदा उतरवू नका, निदान आज तरी नको.

आकाराचं आधी सांगतो कारण तिथेच बहुतेक जण फसतात. बरेच डाउनलोड मॅनेजर आणि टोरंट प्रोग्राम सुरुवातीलाच डिस्कवर पूर्ण आकाराची फाइल तयार करून ठेवतात आणि मग तिच्यात डेटा भरत जातात, म्हणजे आत नुसती शून्यं असली तरी प्रॉपर्टीजमधे आकार अगदी बरोबर दिसणार. आणि मधला एखादा बिट उलटा झाला तर आकार बदलायचं काही कारणच नाही. आकार कमी आला तर फाइल नक्की अर्धवट आहे, एवढंच आकारावरून कळतं. आकार बरोबर आला यावरून काहीही कळत नाही.

हॅश मात्र पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सगळं वाचून काढलेला असतो आणि साडेपाच जीबीत एक बिट जरी बदलला तरी हॅशमधले जवळजवळ निम्मे बिट बदलतात, म्हणजे 'थोडासा चुकला' असा प्रकार नसतो, एकतर तंतोतंत जुळतो नाहीतर पूर्ण वेगळाच दिसतो.

आता तुम्ही नक्की काय केलंत ते सांगा. कोणत्या प्रोग्रामने काढला? आलेली ओळ किती अक्षरांची आहे? शा-२५६ ची ६४ अक्षरं असतात, एमडी५ ची ३२, शा-१ ची ४० आणि शा-५१२ ची १२८. साइटवर शा-२५६ असेल आणि तुम्ही काढला एमडी५ तर जन्मात जुळणार नाही, आणि ही चूक भल्याभल्यांची होते.

टकटक

अजून एक बघा, तीनदा उतरवली म्हणजे डाउनलोड फोल्डरमधे त्याच नावापुढे कंसात १, कंसात २ लागलेल्या फाइली असणार. मी एकदा नवीन फाइल उतरवून दरवेळी जुन्याच फाइलचा हॅश काढत बसलो होतो, दोन तास गेले. फाइलींना नीट वेगळी नावं द्या, नाव बदलल्याने हॅशवर काहीच फरक पडत नाही, तो फक्त आतल्या डेटाचा असतो.

आणि साइटवर ज्या आवृत्तीचा हॅश आहे तीच आवृत्ती तुमच्याकडे आहे ना? कधीकधी २४.०४ आणि २४.०४.१ एवढाच फरक असतो नावात.

मोरपीस

विंडोजवर सोपं म्हणजे सेव्हन-झिप टाका, फाइलवर राइट क्लिक केलं की सीआरसी शा म्हणून मेन्यू येतो, त्यात शा-२५६ निवडा. काही टाकायचं नसेल तर कमांड प्रॉम्प्टमधे सर्टयुटिल, मग स्पेस देऊन हायफन हॅशफाइल, मग फाइलचं नाव आणि शेवटी शा२५६, अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत. पॉवरशेलमधे गेट-फाइलहॅश आहे, त्याला काही सांगितलं नाही तर तो आपोआप शा-२५६ च काढतो. लिनक्सवर शा२५६सम, मॅकवर शासम आणि पुढे हायफन ए २५६.

पॉवरशेल मोठ्या लिपीतली अक्षरं दाखवतो आणि साइटवर बहुधा लहान लिपीत असतं, त्याने बिथरू नका. ए ते एफ अक्षरं मोठी असोत की लहान, आकडा तोच.

आणि प्लीज नुसती पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून जुळलं म्हणू नका. नोटपॅडमधे दोन्ही ओळी एकाखाली एक चिकटवा, फॉन्ट समान रुंदीचा ठेवा, नजर फिरवली की कळतं.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. सेव्हन-झिपने आणि सर्टयुटिलने दोन्हीने काढला. मोजून ६४ अक्षरं आहेत. आवृत्ती तीच आहे, हॅशची ओळ आयएसओच्याच फोल्डरमधून घेतलीये. नावं पण आता वेगळी केली, पहिली, दुसरी, तिसरी.

पण एक विचित्र गोष्ट दिसली ती सांगते, मला वाटलं माझंच काही चुकतंय. 'तिसरी' चा हॅश सकाळी काढला तो ४बी ने सुरू होत होता, वहीत लिहून ठेवलाय. खिडकी चुकून बंद झाली म्हणून आत्ता परत काढला तर सी०७ ने सुरू होतोय. फाइलला मधे हात लावलेला नाही, बदलल्याची तारीख पण तीच आहे. असं होतं का?

निरंतर

असं होत नाही. तुम्ही एकदा एका फाइलचा आणि एकदा दुसरीचा काढला असणार. हॅश हे गणित आहे, तीच फाइल दिली की तेच उत्तर, हजार वेळा करा.

पाटीपेन्सिल

थांबा थांबा, निरंतर यांचं गणित बरोबर आहे आणि म्हणूनच ताईंनी सांगितलेली गोष्ट या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची आहे.

गणित तेच, फाइल तीच, आणि उत्तर वेगळं येत असेल तर गणित करणाऱ्या मशीनमधे दोष आहे. फाइल डिस्कवरून वाचली जाते, रॅममधे येते, तिथून प्रोसेसर ती घेऊन हॅश काढतो. या वाटेत कुठेतरी बिट पलटी मारतोय. रॅमची एखादी पट्टी बिघडलेली असणं हे मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय, त्यानंतर डिस्कची सैल किंवा खराब केबल.

डाउनलोड होताना पण डेटा आधी रॅममधे येतो आणि मग डिस्कवर लिहिला जातो, म्हणजे नेटवरून अगदी शुद्ध आलेला डेटा सुद्धा तुमच्याकडे पोचल्यावर बिघडून डिस्कवर बसू शकतो. म्हणून तीन रात्री घालवून तीन वेगवेगळ्या खराब फाइली मिळाल्या. दहा केल्या असत्या तरी दहाही खराब मिळाल्या असत्या. आणि इन्स्टॉल दरवेळी वेगळ्या ठिकाणी अडकत होतं ते पण याच्याशी जुळतं. नुसती फाइल खराब असती तर साधारण त्याच ठिकाणी अडकायला हवं होतं.

तर क्रम असा ठेवा. 'तिसरी' चा हॅश लागोपाठ तीन-चार वेळा काढा, दर दोनच्या मधे मशीन रीस्टार्ट करा. रीस्टार्ट यासाठी की एकदा वाचलेली फाइल विंडोज रॅममधेच धरून ठेवतं आणि दुसऱ्या वेळी डिस्कपर्यंत जातच नाही, मग तीच चुकीची प्रत परत वाचली जाऊन तोच चुकीचा हॅश दोनदा येतो आणि आपण समजतो सगळं स्थिर आहे. मग तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन काढा, कॉपी करताना जिथून नेताय ते मशीनच संशयित आहे हे लक्षात ठेवून. आणि रात्री झोपताना मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावा. ते पेनड्राइव्हवरून बूट होतं, अगदी छोटं आहे, आणि आवृत्ती ६.०० पासून यूईएफआयवाल्या (बूट व्हायची नवी पद्धत असलेल्या) मशीनवर पण चालतं.

निरंतर

हे लक्षात आलं नव्हतं, मान्य. ताई, घाईत तुमच्यावरच शंका घेतली, सॉरी.

मेघदूर

मेमटेस्टमधे लाल ओळ एक जरी आली तरी ती रॅम वापरू नका, 'एकच तर एरर आहे' असं नसतं. पट्ट्या दोन असतील तर एकेक काढून, त्याच खाचेत लावून वेगवेगळी टेस्ट करा. कधी पट्टी चांगली असते आणि मदरबोर्डवरची खाच खराब असते, दोन्ही एकदम लावून टेस्ट केली तर हा फरक कळत नाही.

उंबरठा

मेमटेस्ट लावला आणि स्वयंपाकघरात गेले, वीस मिनिटांनी येऊन बघितलं तर खालचा अर्धा स्क्रीन लाल. ४ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, मेघदूर यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक त्याच खाचेत लावून बघितली. एकीवर रात्रभर एकही एरर नाही, दुसरीवर पाच मिनिटांत सुरू. ती काढून बाजूला ठेवलीये.

आता एकाच पट्टीवर मशीन चालू आहे. 'तिसरी' चा हॅश चार वेळा रीस्टार्ट करून काढला, चारही वेळा तोच. पण साइटशी अजूनही जुळत नाही. 'पहिली' आणि 'दुसरी' चे पण आता दरवेळी तेच येतात, पण तिघींचे तीन वेगळे आणि साइटवरचा चौथाच. म्हणजे पाटीपेन्सिल म्हणाले तसं डिस्कवर बसलेल्याच फाइली खराब आहेत ना? आता तरी परत रात्रभर उतरवू का?

खटाटोप

फाइली खराब आहेत हे पक्कं, पण रात्रभर उतरवायची गरज नाहीये, आणि मंद नेटवाल्यांनी ही युक्ती जरूर ध्यानात ठेवा.

त्याच आवृत्तीची टोरंट फाइल साइटवर असणार, ती घ्या. टोरंट प्रोग्राममधे उघडा पण डाउनलोड लगेच सुरू होऊ देऊ नका. सेव्हची जागा म्हणून तुमच्या खराब आयएसओचा फोल्डर द्या आणि आयएसओचं नाव टोरंटमधे आहे अगदी तसंच करा. मग फोर्स रीचेक म्हणा. तो प्रोग्राम तुमची फाइल तुकड्या-तुकड्यांनी तपासेल, कारण टोरंट फाइलमधे प्रत्येक तुकड्याचा वेगळा हॅश असतो, पहिल्या आवृत्तीच्या टोरंटमधे २० बाइटचा शा-१, नव्या दुसऱ्या आवृत्तीत शा-२५६. तुकडा २५६ केबीचा धरला तर साडेपाच जीबीचे साडेबावीस हजार तुकडे होतात. त्यातले जे जुळतील ते ठेवणार आणि न जुळणारे तेवढेच नेटवरून परत आणणार.

एका आख्ख्या फाइलचा एकच हॅश तुम्हाला 'खराब आहे' एवढंच सांगतो, कुठे खराब आहे ते सांगत नाही. तुकड्यांचे हॅश असले की जागा पण कळते, आणि जागा कळली की दुरुस्ती करता येते. झेडसिंक नावाचा प्रोग्राम पण त्याच तत्त्वावर चालतो, काही साइट आयएसओशेजारी त्याची फाइल ठेवतात.

टकटक

+१, आणि आधीच्या फाइलीची एक कॉपी बाजूला ठेवून मगच हे करा. सेव्हची जागा चुकली किंवा नाव जुळलं नाही तर प्रोग्राम शून्यापासून नवीन फाइल सुरू करतो.

उंबरठा

झालं!! 'दुसरी' घेतली, नाव बदललं, रीचेक लावला. बराच वेळ निळी पट्टी सरकत राहिली आणि ९९.९ वर थांबली. फक्त सात तुकडे लाल. सात! पावणेदोन एमबी परत उतरवलं, मिनिटभर पण लागलं नाही. मग सर्टयुटिलने हॅश काढला आणि नोटपॅडमधे साइटच्या ओळीखाली चिकटवला, ६४ च्या ६४ अक्षरं जुळली. तीन रात्री आणि सोळा-सतरा जीबी घालवून जे झालं नाही ते सात तुकड्यांत झालं, अगदी रडू आलं मला.

सांजवारा

अभिनंदन! आता एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा, जुळला तो कशाशी जुळला? आयएसओ आणि हॅश दोन्ही एकाच सर्व्हरवरून घेतलेत ना? डाउनलोडमधे बिघाड झाला का हे बघायला तेवढं पुरतं, पण ज्याने सर्व्हरवर घुसून आयएसओ बदलली तो शेजारची हॅशची ओळ पण बदलू शकतोच.

हे कल्पनेतलं नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटची वेबसाइट हॅक झाली होती आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीची डाउनलोड लिंक मागचं दार (हॅकरला गुपचूप शिरायची वाट) ठेवलेल्या आयएसओकडे वळवली होती. ज्यांनी टोरंटवरून किंवा थेट लिंकवरून घेतली ते वाचले, साइटवरून त्या दिवशी घेतलेले सापडले.

म्हणून हॅशच्या यादीवर जीपीजी सही, म्हणजे प्रकल्पवाल्यांची डिजिटल सही असते ती तपासा. यादीशेजारी तिची साइन किंवा जीपीजी अशी शेपटी लावलेली छोटी फाइल असते. जीपीजी व्हेरिफाय म्हणून आधी सहीची फाइल द्यायची मग यादी. सही तपासायची किल्ली मात्र त्याच सर्व्हरवरून घेऊन तशीच विश्वासाने वापरू नका, तिचा ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट दुसऱ्या एखाद्या ठिकाणी पडताळून बघा, प्रकल्पाची कागदपत्रं, आधीपासून चालू असलेल्या दुसऱ्या लिनक्सच्या आतली किल्ली, असं काहीतरी.

मोरपीस

पण साइट एचटीटीपीएसवर आहे, मग वाटेत कोण बदलणार?

सांजवारा

वाटेत नाही बदलणार, बरोबर. एचटीटीपीएस फक्त सर्व्हर ते तुमचा ब्राउझर एवढ्या वाटेची काळजी घेतं. सर्व्हरच्या डिस्कवर आधीच चुकीची फाइल असेल तर ती चुकीची फाइल तुमच्यापर्यंत अगदी सुखरूप पोचवेल. मिररवरून (त्याच फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) घेताना तर हे जास्तच लक्षात ठेवायचं, कारण मिरर चालवणारे वेगळेच असतात. फाइल मिररवरून घ्या, हॅशची यादी मूळ साइटवरून घ्या.

आणि जीपीजीत 'गुड सिग्नेचर' च्या खाली 'ही किल्ली विश्वासू सहीने प्रमाणित नाही' अशा अर्थाचा इशारा येतो, त्याने बरेच जण घाबरून सोडून देतात. त्याचा अर्थ सही चुकली असा नसतो, किल्ली त्याच माणसाची आहे हे तुम्ही अजून जीपीजीला सांगितलेलं नाही एवढाच असतो. 'बॅड सिग्नेचर' आलं तर मात्र फाइल उघडायची पण नाही.

निरंतर

जुन्या साइटवर नुसता एमडी५ दिलेला असतो, तो चालेल का?

सांजवारा

उतरवताना बिघडली का एवढंच बघायचं असेल तर चालेल. कुणी मुद्दाम फसवत असेल तर नाही. एमडी५ मधे एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या फाइली २००४ मधेच करून दाखवल्या गेल्या, शा-१ ची तशी जोडी फेब्रुवारी २०१७ मधे गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयने मिळून प्रसिद्ध केली. दिलेल्या आयएसओशी हॅश जुळेल अशी दुसरी बनवणं त्याहून खूप अवघड आहे, पण शा-२५६ उपलब्ध असताना एमडी५ वर अडून राहायचं काही कारणच नाही.

मेघदूर

आयएसओ जुळली म्हणजे पेनड्राइव्ह पण बरोबर लिहिला गेला असं नव्हे. अख्ख्या पेनड्राइव्हचा हॅश काढू नका, तो आयएसओपेक्षा मोठा असतो त्यामुळे पुढचा कचरा पण मोजला जाऊन जुळणार नाही. आयएसओचे जेवढे बाइट तेवढेच सुरुवातीपासून वाचायचे, लिनक्सवर हेड कमांडला हायफन सी आणि बाइटची संख्या देऊन ते शा२५६सम कडे पाठवायचं. हे फक्त आयएसओ जशीच्या तशी लिहिली असेल तर, म्हणजे डीडी पद्धतीने. रूफस या पेनड्राइव्ह लिहिणाऱ्या प्रोग्राममधे आयएसओ मोड निवडला असेल तर तो आतल्या फाइली सुट्या करून ठेवतो, तिथे हा हॅश जुळणारच नाही आणि तो दोष पण नाही. एचर हा तसाच दुसरा प्रोग्राम लिहून झाल्यावर स्वतःच पडताळणी करतो. लिहिल्यानंतर पेनड्राइव्ह विंडोजला परत लावू नका, विंडोज त्यावर स्वतःचं फोल्डर टाकायला बघतं.

उंबरठा

इन्स्टॉल झालं, पहिल्याच झटक्यात, लिनक्सवरूनच लिहितेय. सही पण तपासली, गुड सिग्नेचर आलं.

पण काल रात्रीपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये. ती खराब पट्टी मशीनमधे कधीपासून खराब होती कुणास ठाऊक. याच मशीनवरून मी मागच्या वर्षभरात आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज कार्डावरून बाहेरच्या डिस्कवर हलवली आहेत. ती पण अशीच बिघडली असतील का?

पाटीपेन्सिल

शक्य आहे, आणि विचारलंत ते फार बरं झालं. कार्डं पुसली नाहीत ना? पुसली नसतील तर काहीच लिहू नका त्यांच्यावर, कुलूप असेल तर लावा. चांगल्या पट्टीवरच्या या मशीनवर कार्डावरच्या सगळ्या फाइलींचे हॅश एका यादीत काढा, मग शा२५६सम ला हायफन सी देऊन तीच यादी बाहेरच्या डिस्कवर तपासा. जी जुळेल तिच्यापुढे ओके येईल, बाकीच्यांपुढे फेल्ड. फेल्ड आलेल्या परत कार्डावरून घ्यायच्या. आणि यादी जपून ठेवा, पुढच्या वेळी कॉपी केलीत की तिच्यावरूनच तपासता येईल.

उंबरठा

कार्डं ड्रॉवरमधेच होती, तिन्ही. ४१२ फाइलींपैकी ४०९ ओके, तीन फेल्ड. त्यातली एक वाजवून बघितली तर नवव्या मिनिटाला एक खट्ट असा आवाज येतो आणि पुढे नीट चालतं, कार्डावरच्या मूळ फाइलीत तो आवाज नाहीये. तिन्ही परत कॉपी केल्या, परत तपासल्या, आता ४१२ च्या ४१२ ओके. यादी डिस्कवर आणि कार्डांसोबत, दोन्हीकडे ठेवलीये.